दुखणेकऱ्याच्या घरातील शाळा

सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीच्या परिसरात घरभेटीस जाताना मागांचा खडखडाट सतत कानांवर पडत असतो. टॉवेल आणि चादरी विणणाऱ्या या कामगारांच्या वस्तीत शाळेच्या वेळी एखादे मूल घरी दिसले की मी थबकतो. 'घरीच शिकतो, फादर,' असे उत्तर मिळते. या एकाच उत्तरामागे दोन निराळी वास्तवे दडलेली असतात, हे मला दोन घरांनी शिकविले.

पहिल्या घरात आठ वर्षांच्या मुलीला मधुमेह आहे. बालवयातील या मधुमेहात शरीरात इन्सुलिन जवळजवळ तयारच होत नाही. गोळ्यांनी भागत नाही, रोज सुई टोचावीच लागते. साखर एकाएकी उतरली की मूल घामाघूम होते, थरथरते, प्रसंगी शुद्धही हरपते. आजोबा सूतगिरणीतून निवृत्त झाले ते छातीचा विकार घेऊनच. कापसाच्या धुळीने जडणारा हा विकार मोठा विचित्र. साप्ताहिक सुट्टीनंतर कामावर परतण्याच्या दिवशीच छाती अधिक आवळते.

आई विड्या वळते. मांडीवर सूप, शेजारी लेकीची पाटी. पंचवीस विड्यांची एक जुडी, अशा चाळीस जुड्या म्हणजे हजार; मुलीचा गुणाकार असाच पक्का झाला. घरची भाषा तेलुगू, पुस्तकाची मराठी. म्हणून प्रत्येक शब्द दोनदा उच्चारला जातो. साखर तपासून आलेला आकडा मुलगी स्वतः वहीत मांडते. धडा वीस मिनिटांचा, मग विश्रांती. नाव मात्र शाळेच्या पटावर आहे आणि गुरुजींकडून दर आठवड्याचा अभ्यास येतो.

दुसऱ्या घरात आजार आईला आहे. तिचे मूत्रपिंड निकामी झाले आहे, आठवड्यातून दोनदा डायलिसिस. वडील बारा तासांच्या पाळीत. धाकट्या भावाला भरविणे, आईला पाणी मोजून देणे हे सारे दहा वर्षांच्या मुलाकडे. तोही 'घरीच शिकतो'. त्याची वही मी मागितली. दिवाळीच्या आधीच्या पानावर ती थांबलेली होती.

पंडिता रमाबाईंचे शिक्षणही घरीच झाले. वडील अनंतशास्त्री वृद्ध झाले होते, म्हणून आई लक्ष्मीबाईंनी मुलीला संस्कृत शिकविले. पुढे 1878 साली कलकत्त्याच्या विद्वानांनी त्याच रमाबाईंना 'पंडिता' म्हणून गौरविले. परंतु त्या घरी शिकविणारी आई स्वतः संस्कृत जाणणारी होती. ज्या घरात शिकविणारेच कोणी नाही, तिथे त्यांचे उदाहरण देणे हा निव्वळ दिलासा ठरेल.

1 एप्रिल 2010 पासून लागू झालेल्या शिक्षणहक्क कायद्याने सहा ते चौदा वर्षांच्या मुलांना शिक्षणाचा हक्क दिला. तीव्र अपंगत्व असलेल्या बालकांना घरी शिकण्याची मुभा 2012 च्या दुरुस्तीने मिळाली. 2016 च्या कायद्यातील 21 अपंगत्वांत हिमोफिलिया, थॅलेसेमिया आणि सिकलसेल आहेत; मधुमेह नाही. आईच्या शुश्रूषेसाठी अडकलेल्या मुलाचा तर तिथे उल्लेखही नाही. म्हणजे पहिल्या मुलीला दप्तरात साखरेची पुडी आणि तिचा आजार जाणणारे गुरुजी लाभले, तर ती वर्गात परतू शकेल. दुसऱ्या मुलाला मात्र घरची जबाबदारी वाटून घेणारी माणसेच हवीत.

आता शेजारच्या तीन भगिनी पाळीपाळीने त्या आईपाशी बसतात आणि मुलगा सकाळी शाळेत जातो. डायलिसिसच्या दिवशी अजूनही त्याचा खाडा होतो. वाचकहो, दुखणेकऱ्याच्या घरी आपण फळे नेतो, प्रार्थना करतो. त्यासोबत मुलाची वहीही पाहावी. शेवटच्या पानावरची तारीख आपल्याला त्या घराची खरी गरज सांगेल.