मालकाचं थिएटर

बाबा गेल्या वर्षी इकडे आले तेव्हा मी त्यांना शिकागो दाखवायला नेलं. उंच इमारती झाल्या, तळं झालं, डीप डिश पिझ्झा झाला. (त्यावर बाबांचा अभिप्राय: "हा पिझ्झा नव्हे, हा थालीपिठाचा केक.") दुसऱ्या दिवशी काय दाखवावं हा प्रश्न होता. बाबांची पस्तीस वर्षं एका कारखान्याच्या वसाहतीत गेली, माझं बालपणही तिथलंच. तेव्हा म्हटलं, चला, तुम्हाला अमेरिकेतली एक कॉलनी दाखवतो.

शहराच्या दक्षिणेला, १११व्या रस्त्यापाशी पुलमन नावाचं गाव आहे. म्हणजे आता तो शिकागोचाच एक भाग आहे, पण जॉर्ज पुलमनने १८८० साली ते बांधायला घेतलं तेव्हा तिथे नुसती दलदल होती. हा माणूस रेल्वेचे आलिशान स्लीपर डबे बनवायचा. कारखान्यासोबत त्याने कामगारांसाठी अख्खं गावच उभारलं. सॉलोन बेमन या तरुण आर्किटेक्टने लाल विटांची घरं आखली. नळ, गॅस, गटारं, बागा, सगळं पहिल्यापासून. त्या काळी शिकागोचा कामगार कसल्या खुराड्यांत राहायचा ते पाहिलं की हा स्वर्गच म्हणायचा. १८९३च्या जागतिक प्रदर्शनाला आलेले पाहुणे मुद्दाम वाट वाकडी करून हे गाव बघून जायचे.

गावाच्या मध्यावर होती आर्केड नावाची प्रचंड इमारत. आजच्या मॉलची पणजी म्हणा ना! एकाच छपराखाली दुकानं, बँक, पोस्ट, वाचनालय आणि वरच्या मजल्यावर हजाराच्या आसपास खुर्च्यांचं थिएटर. १८८३च्या जानेवारीत ते सुरू झालं. सजावट मूरिश थाटाची, आणि पुलमनसाहेबांसाठी स्वतंत्र बॉक्स.

बाबांचे डोळे लकाकले. "आपल्या हॉलसारखंच की!"

आमच्या वसाहतीतही हॉल होता. लोखंडी खुर्च्या, वर पत्रे, पाऊस आला की संवाद ऐकू येत नसत. पण बाबांचा जीव त्या हॉलमध्ये होता. ते टाइम ऑफिसात क्लार्क. संध्याकाळी पाच वाजता हजेरीचं रजिस्टर मिटलं की साडेपाचला तालीम. कामगार कल्याणच्या नाट्यस्पर्धेत एकदा त्यांना अभिनयाचं प्रशस्तिपत्र मिळालं होतं, ते अजून आमच्या दिवाणखान्यात आहे, माझ्या पीएचडीच्या वर.

तर पुलमनच्या थिएटरची गंमत पुढे आहे. तिथे कुठलं नाटक लागावं हे कंपनी ठरवायची. सभ्य, घरंदाज, कामगाराला 'वळण लावणारं' नाटकच पाहिजे. वाचनालय होतं, पण वर्षाची वर्गणी ३ डॉलर. देखणं चर्च होतं, पण भाडं इतकं की कोणत्याच पंथाला परवडेना, म्हणून ते बरेच दिवस रिकामं. दारू फक्त हॉटेल फ्लॉरेन्सच्या बारमध्ये, आणि तिथे साहेबलोक बसायचे. बिचाऱ्या कामगाराला घोटभर बिअर प्यायची तर शेजारच्या केन्सिंग्टनला चालत जावं लागायचं. मुख्य म्हणजे घर विकत मिळत नसे, भाड्यानेच घ्यायचं. रिचर्ड एली नावाचा अर्थशास्त्रज्ञ गाव पाहून गेला आणि १८८५ साली त्याने लिहिलं की सोयी उत्तम आहेत, हेतूही चांगला आहे, पण ही शेवटी मायाळू सरंजामशाही आहे आणि अमेरिकेत ती शोभत नाही.

१८९३च्या मंदीत डब्यांची मागणी आटली. कंपनीने माणसं कमी केली, उरलेल्यांची मजुरी सरासरी पाव हिश्शाने कापली. घरभाडं मात्र एक सेंटही उतरवलं नाही. कारखाना वेगळा आणि घरं वेगळी, घरांवर ठरलेला परतावा मिळालाच पाहिजे, असा हिशेब! भाडं वळतं करून एका कामगाराच्या हातात दोन सेंटांचा चेक पडला, ही गोष्ट गावातले पाद्री कार्वर्डाइन यांनी नोंदवली आहे. शेवटी ११ मे १८९४ रोजी कामगार बाहेर पडले. जूनच्या अखेरीस युजीन डेब्सच्या रेल्वे युनियनने पुलमनच्या डब्यांवर बहिष्कार घातला आणि अर्ध्या देशाची रेल्वे ठप्प झाली. जुलैत सैन्य आलं, माणसं मेली, डेब्स तुरुंगात गेला, संप चिरडला गेला. संप चालू असतानाच सरकारने लेबर डेची सुट्टी जाहीर केली होती, हा आणखी एक विनोद.

मी बाबांना हे सगळं प्रदर्शनातल्या पाट्या वाचून सांगत होतो. कारखान्याच्या घड्याळाच्या मनोऱ्याची इमारत १९९८ साली जळाली होती, ती सावरून तिथे २०२१ पासून माहितीकेंद्र केलंय. बाबा शांतपणे ऐकत होते. मध्येच म्हणाले,

"संपाच्या सभा कुठे घ्यायचे? थिएटरात?"

"नाही हो बाबा. केन्सिंग्टनच्या टर्नर हॉलमध्ये, गावाबाहेर."

"बरोबर. आपले मारुतीच्या देवळामागे घ्यायचे."

हे मला नवीन होतं. आमच्या कारखान्यात संप झाला होता हे ऐकून होतो, पण तेव्हा मी पाळण्यात. बाहेर एका बाकावर बसून बाबांनी सांगितलं ते असं. संपाच्या तिसऱ्या दिवशी हॉलला कुलूप लागलं. सभा गेटबाहेर देवळामागे व्हायच्या. नाटकमंडळीतले सगळे तिकडे जायचे. बाबा एकदाही गेले नाहीत.

"युनियनचं म्हणणं पटत होतं रे. पण क्वार्टर कंपनीचं. नोकरी गेली तर आठवड्यात खाली करा म्हणाले असते. तू सहा महिन्यांचा, आईचं ऑपरेशन झालेलं. कुठे जाणार होतो?"

संप मिटला, चौघांना काढलं. त्यात बाबांच्या नाटकाचा दिग्दर्शकही होता. हॉल पुन्हा उघडला, पण बाबांनी त्यानंतर तोंडाला रंग लावला नाही. मी आजवर समजत होतो की माझ्या अभ्यासासाठी त्यांनी नाटक सोडलं.

काय बोलावं सुचेना, म्हणून मी जेन अ‍ॅडम्सची गोष्ट सांगितली. शिकागोच्या या समाजसेविकेने संपानंतर एक निबंध लिहिला आणि त्यात पुलमनला चक्क किंग लिअरची उपमा दिली. मुलींना सगळं दिलं, पण त्यांना स्वतःचं मन असू शकतं हे ज्याला कळलं नाही तो बाप. निबंध इतका झोंबणारा होता की तो छापून यायला १९१२ साल उजाडलं. कॉर्डेलियालाही तिने सोडलं नाही बरं का, स्वतःच्या सुटकेच्या नादात म्हाताऱ्या बापाला विसरली म्हणून तिचेही कान उपटलेत. 'नटसम्राट' पाठ असलेल्या माणसाला लिअर समजावून सांगायची गरज नव्हती. बाबा एवढंच म्हणाले, "सगळं देतात, पण भाड्याने."

पुलमन १८९७ साली वारला. कामगार प्रेत उकरून काढतील या भीतीने त्याची शवपेटी काँक्रीट आणि लोखंडी रुळांखाली पुरली. १८९८ साली इलिनॉयच्या सर्वोच्च न्यायालयाने कंपनीला सांगितलं की डबे बनवा, गाव चालवणं तुमचं काम नाही. घरं विकली गेली. घरं, चर्च, हॉटेल अजून उभी आहेत, आर्केड मात्र १९२६ साली पाडली, थिएटरसकट. तिथे आता एक बसकी साधी इमारत आहे. बाबा तिच्यासमोर उभे राहून वर, जिथे कधीकाळी थिएटर असेल तिकडे, बराच वेळ बघत राहिले.

परतताना गाडीत माझ्या डोक्यात भलतंच चाललं होतं. माझ्या ऑफिसात जेवण फुकट, व्यायामशाळा फुकट, झकास ऑडिटोरियमही आहे. आणि माझा व्हिसा कंपनीच्या नावाशी बांधलेला. नोकरी गेली तर ६० दिवसांत दुसरी शोधा, नाहीतर सामान बांधा. गेल्या वर्षी आमच्या गटातल्या एकाला ज्या तऱ्हेने काढलं ते मला पटलं नव्हतं. मीटिंगमध्ये मी लॅपटॉपकडे बघत बसलो होतो. हे मी बाबांना सांगितलं. ते हो म्हणाले नाहीत, नाही म्हणाले नाहीत.

मग बऱ्याच वेळाने म्हणाले, त्या शेवटच्या नाटकात त्यांना एक मोठं स्वगत होतं, मालकाला जाब विचारणारं. प्रयोगाला मॅनेजरसाहेब पहिल्या रांगेत येणार म्हणून ते आदल्या दिवशी कापलं.

"म्हणून दाखवा ना."

दोन वाक्यं त्यांनी खड्या आवाजात म्हटली. मग थांबले.

"पुढचं नाही रे आठवत. लोकांसमोर कधी म्हटलंच नाही ना."