शहाडच्या पायाखालचा काळा पाषाण

कल्याणहून कसाऱ्याकडे निघालेल्या गाडीचे पहिले स्थानक शहाड. बिर्लांचे विठ्ठल मंदिर, रेयॉनचा कारखाना आणि माळशेजकडे जाणाऱ्या रस्त्यावरील पूल एवढीच त्याची सर्वसाधारण ओळख. कारखाना, मंदिर आणि वसाहती ज्या काळ्या पाषाणावर उभ्या आहेत, त्याची ओळख मात्र फारशी कोणी करून घेत नाही. हा पाषाण म्हणजे थिजलेला ज्वालामुखी होय.

सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वी येथे शिलारसाचे पूर आले. ज्वालामुखी म्हटले की शंकूच्या आकाराचा डोंगर आणि त्याच्या तोंडातून उसळणारी आग डोळ्यांपुढे येते. दख्खनमध्ये तसे घडले नाही. जमिनीला लांबच लांब भेगा पडल्या आणि त्यांतून लाव्हा पसरत गेला. एक थर निवला की त्यावर दुसरा. दोन उद्रेकांच्या दरम्यान वरचा थर झिजून माती झाली. पुढच्या तप्त लाव्ह्याखाली ती भाजून निघाली. माळशेज घाटाच्या कड्यांत या थरांच्या पायऱ्या स्पष्ट दिसतात. जुन्या पेढीच्या चोपड्या एकीवर एक रचून ठेवाव्यात, तशी ही पृथ्वीची रोजमेळ. याच पाषाणात वेरूळची इंद्रसभा आणि तिच्या शेजारची जैन लेणी कोरली गेली. दगड कठीण खरा. पण एकसंध असल्यामुळेच त्यात तीर्थंकरांच्या मूर्ती इतक्या कोरीव उमटल्या.

उद्रेकाचे कारण खोल होते. भूखंडाच्या पोटातून वर येणाऱ्या उष्णतेच्या एका स्रोतावरून भारताची भूमी त्या काळी सरकत होती, असे भूशास्त्रज्ञ मानतात. भूमी उत्तरेकडे गेली, स्रोत मागे राहिला. हिंदी महासागरातील रियुनियन बेटावर आजही जिवंत ज्वालामुखी आहे, तो त्याच स्रोतावरचा. जगातील बहुतेक ज्वालामुखी मात्र भूपट्टांच्या सीमांवर आढळतात. जपान, इंडोनेशिया, चिली हे प्रशांत महासागराभोवतीच्या कड्यातील देश. भारतात जागृत ज्वालामुखी आहे तो अंदमानातील बॅरन बेटावर, तोही अशाच सीमेजवळ.

मग शहाड निर्धास्त आहे काय? ज्वालामुखीपुरते होय. भूकंपाबाबत तसे म्हणता येत नाही. भारताचा भूपट्ट वर्षाला सुमारे 5 सेंटिमीटर उत्तरेकडे सरकून आशियाला रेटतो आहे, आणि त्याचा ताण भूपट्टाच्या अंतर्भागातील जुन्या भेगांवरही येतो. 11 डिसेंबर 1967 रोजी कोयनानगर हादरले; तेथे धरणाच्या जलाशयानेही त्या भेगांना चाळवले. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे, गणेशविसर्जनाच्या रात्रीनंतर, किल्लारी परिसरात हजारो माणसे दगडमातीच्या जाड भिंतींखाली गाडली गेली. त्यांतील अनाथ व निराधार मुलांना पुण्याजवळ आणून शिकवण्याचे काम भारतीय जैन संघटनेने केले, हे समाजाला आठवत असेलच. आणि 2018 च्या अखेरीपासून डहाणू-तलासरी भागात सौम्य धक्क्यांची मालिका सुरू झाली; घरांना तडे गेले, कुटुंबे थंडीत उघड्यावर झोपू लागली. डहाणू शहाडपासून फार दूर नाही.

सन 2002 च्या भूकंपविभागांच्या नकाशात ठाणे जिल्हा तिसऱ्या, कोयना चौथ्या आणि कच्छ पाचव्या विभागात आहे. तिसरा म्हणजे मध्यम. पण मध्यम हा शब्द इमारतीच्या दर्जावर अवलंबून असतो. 26 जानेवारी 2001 च्या भूकंपाचा केंद्रबिंदू कच्छमध्ये असताना दोनशे किलोमीटरहून दूर अहमदाबादेत कित्येक बहुमजली इमारती कोसळल्या. त्यांतील अनेकांचा तळमजला वाहनांसाठी खांबांवर मोकळा सोडलेला होता. कच्छमधील भद्रेश्वरचे प्राचीन जिनालयही तेव्हा उद्ध्वस्त झाले.

कल्याण-शहाड पट्ट्यात मोकळ्या तळमजल्याच्या इमारती थोड्या नाहीत. खाली दुकान काढताना दर्शनी भाग रुंद दिसावा म्हणून भिंत पाडणे, खांब छिलणे, माळ्यावर मालाची पोती रचणे, हेही व्यापाऱ्यांच्या अंगवळणी पडले आहे. गिऱ्हाइकाला काचेचे दर्शन भावते, इमारतीला नाही. तीस वर्षांहून जुन्या इमारतींची संरचनात्मक तपासणी महानगरपालिका क्षेत्रात कायद्यानेच बंधनकारक आहे. सोसायटीच्या वार्षिक सभेत तिचा विषय निघतो, वर्गणीच्या आकड्यावर अडतो आणि रंगकामाचा ठराव मात्र एकमताने मंजूर होतो. ज्यांची दुकाने तळमजल्यावर आणि घरे वरच्या मजल्यावर आहेत, त्यांची आयुष्यभराची पुंजी एकाच खांबावर तोललेली असते. अशा कुटुंबांनी पुढच्या सभेत रंगाआधी तपासणीचा ठराव मांडावा, आणि दुकानाची भिंत हलवण्यापूर्वी गवंड्याला नव्हे, स्थापत्य अभियंत्याला विचारावे.