हेरोनचा गोळा आणि आमचा डबा



लेक-जावई नोकरीनिमित्त दुबईत होते, तेव्हा आम्ही सप्टेंबरात महिनाभर त्यांच्याकडे राहिलो. तिथल्या इब्न बतूता मॉलमध्ये एक भला मोठा हत्ती पाहिला. अल-जझारी नावाच्या कारागिराने १२०६ सालच्या आपल्या ग्रंथात जे हत्तीचे घड्याळ वर्णिले, त्याची ती प्रतिकृती. हत्तीच्या पोटात भोकाचे भांडे पाण्यावर तरंगते, अर्ध्या तासात भरून बुडते आणि वरची चित्रे हलतात. म्हणजे अलिबागला शेजाऱ्यांच्या लग्नात मुहूर्तासाठी लावायचे ते घटिकापात्रच की! नातवाला हे सांगितले तर म्हणतो, "आजी, हे पाण्यावर चालतं. विस्तवावर चालणारं जुनं यंत्र नव्हतं का?"

होते ना. इजिप्तच्या अलेक्झांड्रिया शहरात, जिथे त्या काळी यहुदी वस्तीही मोठी होती, पहिल्या शतकात हेरोन नावाचा विद्वान होऊन गेला. त्याने लिहून ठेवले आहे: खाली उकळते पाणी, वर पोकळ गोळा, गोळ्याला उलटसुलट दिशांना वाकवलेल्या दोन नळ्या. वाफ नळ्यांतून मागे सुटते आणि गोळा पुढे फिरतो. मुलांनो, दिवाळीतले भुईचक्र फिरते ना, तसेच.

झाले, ते घरी करायचे ठरले. लेक म्हणाली, "घरात वाफेचे खेळ नकोत." तिचे काही चुकत नव्हते. आम्ही जन्मभर नर्सिंग केले. भाजलेल्या पोरांचे ड्रेसिंग करताना त्यांचे ओरडणे अजून कानात आहे. वाफ पाण्यापेक्षा वाईट. एक ग्रॅम वाफ कातडीवर पाणी होताना ५४० कॅलरी उष्णता सोडते, आणि ते पाणी पुढे निवताना भाजते ते वेगळेच. शिवाय भोकाजवळची खरी वाफ दिसतच नाही. पांढरे दिसते ते पाण्याचे बारीक थेंब असतात. पण पोराला नुसते "नको" म्हटले तर ते आपल्या पाठीमागे करणार, हेही आम्हांला ठाऊक. म्हणून आमच्या देखरेखीखाली करायचे, असे लेकीला कबूल करवले.

सोड्याचा न उघडलेला अल्युमिनियमचा डबा घेतला. वरच्या कडेजवळ समोरासमोर दोन भोके खिळ्याने पाडली, आणि खिळा आत असतानाच आडवा दाबून दोन्ही भोके एकाच फेऱ्याच्या दिशेने तिरकी केली. सोडा भोकांतून गाळून काढला. मग डबा पाण्यात दाबत-सोडत दोन-तीन चमचे पाणी आत घेतले. मासे धरायच्या दोरीला पीळ पडू नये म्हणून लावतात ती फिरती कडी डब्याच्या कानाला अडकवली आणि तारेने टांगला. खाली स्पिरिटचा दिवा. पूर्वी आम्ही काचेच्या सिरिंजा उकळायचो ना, तसला.

आमचे नियम कडक. भोके कधी बुजवायची नाहीत, नाहीतर डबा फुटेल. पाणी संपायच्या आत दिवा विझवायचा. नातू दोन हात लांब. आणि शेजारी गार पाण्याची बादली, कारण दुबईत उन्हाळ्यात गच्चीवरच्या टाकीमुळे 'थंड' नळालाही गरम पाणी येते. भाजले तर वीस मिनिटे गार पाणी, टूथपेस्ट नाही!

"आजी, कुमकुम उकळला!" नातू ओरडला. हिब्रूत किटलीला कुमकुम म्हणतात, आम्हांला मात्र अजून कुंकूच आठवते. फुस्स आवाज झाला, डबा आधी डुलला, मग गरगर फिरू लागला.

हेरोनच्या गोळ्याने कुणाची गाडी ओढली नाही. तेव्हा गुलाम स्वस्त होते म्हणून, असे सांगतात. आम्हांला ते अर्धेच पटते. दाब धरील असा पत्रा आणि सांधे तरी कुठे होते? १७१२ साली न्यूकोमेनचे इंजिन खाणीतले पाणी उपसू लागले, आणि १८५३ मध्ये बोरीबंदर ते ठाणे गाडी धावली. पुढे आपल्या कितीतरी जणांचे वाडवडील त्याच रेल्वेत नोकरीला लागले. नातवाला आगगाडी नवी नव्हती. त्याला नवल वाटले ते अबूधाबीतल्या बराका केंद्राचे. तिथे चार अणुभट्ट्या आहेत, त्यांच्यावर देशाची सुमारे पाव वीज होते, आणि तिथेही शेवटी चक्रे फिरवते ती वाफच!

डब्याला लाल पट्टी चिकटवली होती. आम्ही घड्याळ धरून नाडी मोजतो तशा फेऱ्या मोजल्या. पंधरा सेकंदांत एकवीस, म्हणजे मिनिटाला ८४.

"ताप नाही ना त्याला?" नातू म्हणाला. आवाज कमी झाला, तसा आम्ही दिवा विझवला. "आता भोकं मोठी करून पाहू?"

"आधी गार होऊ दे."