पान उलटून पाहा

आमच्या शाळेत मी उर्दू आणि मराठी शिकवतो. विज्ञानाचे सर रजेवर असले की त्यांचा तासही माझ्याकडे येतो. ऑगस्ट २००८ मध्ये असाच एक तास आला होता. फळ्यावर मी मोठे वर्तुळ काढले आणि चार बाणांनी जोडून लिहिले : अंडी, अळी, कोष, पतंग. मुलांनी पाठ केले आणि मी खडू झटकून घरी आलो.

त्याच आठवड्यात अब्बा वावरातून सोयाबीनचे एक पान घेऊन आले. आमचे चार एकर चिखली तालुक्यात आहेत. पानातला हिरवा रंग गेला होता, नुसता पापुद्रा उरला होता. अब्बा म्हणाले, "ये देख बेटा, पत्ता कागज हो गया." मी वरवर पाहिले आणि म्हणालो, "पाण्याचा ताण असेल अब्बा, पाऊस आला की सुधरेल." बी.एड. झालेला मुलगा सांगतोय म्हटल्यावर त्यांनी मान डोलावली.

ते पान मी उलटूनही पाहिले नाही. ती तंबाखूवरील पाने खाणारी अळी होती. तिची मादी पानावर पुंजक्याने शेकडो अंडी घालते आणि आपल्या अंगावरचे तपकिरी केस त्यावर पांघरते. तीन-चार दिवसांत अंडी फुटतात. पहिले काही दिवस बारीक अळ्या एकाच पानावर दाटीवाटीने राहून हिरवा भाग खरवडून खातात. तेवढे पान तोडून नष्ट केले की अख्खे कुटुंब संपते. हे दिवस हातातून गेले की अळ्या शेतभर पांगतात.

आठ-दहा दिवसांनी शब-ए-बारात आली. कब्रस्तानातून परतताना अब्बा म्हणाले, "चल, वावरात जाऊन येऊ." बॅटरीच्या उजेडात पाहिले तर झाडाझाडावर अळ्या. बोटाएवढ्या, मळकट हिरव्या, पाठीवर काळे ठिपके, कडेने पिवळसर रेघ. दिवसा त्या मातीत आणि पाल्याखाली दडतात, म्हणून आम्हाला दिसल्याच नव्हत्या. दुसऱ्या दिवशी फवारणी केली, पण मोठ्या झालेल्या अळ्या औषधाला सहज दाद देत नाहीत. त्यांना आवरेपर्यंत पानांच्या शिरा उरल्या होत्या. खाऊन झाल्यावर त्या जमिनीत शिरून लालसर तपकिरी कोष करतात आणि आठवडा-दहा दिवसांत पतंग बाहेर पडतो. अंड्यापासून पतंगापर्यंत साधारण महिना. फळ्यावरचे ते वर्तुळ आमच्याच वावरात फिरत होते.

त्या वर्षी विदर्भात अनेकांचे सोयाबीन असेच गेले. पुढच्याच हंगामापासून राज्यात क्रॉपसॅप हा कीड सर्वेक्षणाचा प्रकल्प सुरू झाला. आमच्या चार एकरांत नऊ क्विंटल झाले. सोसायटीचे कर्ज थकले. रमजानमध्ये अब्बांनी नवे कपडे फक्त नातवंडांना घेतले. मला ते एका शब्दानेही बोलले नाहीत. बोलले असते तर बरे झाले असते.

अब्बा आता नाहीत. वावर मी पाहतो. बांधाने एरंड लावतो, कारण या पतंगाला एरंडावर अंडी घालायला आवडते आणि तिथे ती लवकर दिसतात. कामगंध सापळे लावतो, पक्ष्यांना बसायला काठ्या रोवतो. आणि दर पावसाळ्यात वर्गाला वावरात नेतो.

गेल्या वर्षी सहावीतल्या एका मुलीने पान उलटले आणि ओरडली, "सर, इसपर रुई चिपकी है!" तो कापूस नव्हता, अंड्यांचा पुंजका होता. मी तिला पान हळूच तोडायला सांगितले आणि रॉकेल मिसळलेल्या पाण्याच्या डब्यात टाकायला लावले. मग मुलांना म्हणालो, वहीत चित्र नंतर काढा, आधी शेजारची झाडे पाहा. शेवटपर्यंत आणखी तीन पुंजके सापडले.

परत निघताना मी एकदा मागे वळून पाहिले. अब्बा जिथून ते पान तोडून आणायचे, ती कड हिरवीगार होती.