शववाहिका : जपणूक आणि विल्हेवाट

जुन्या मोटारी जमवणाऱ्यांत शववाहिका जमवणारे थोडे, आणि त्या न रंगवता, न उजळवता, मिळाल्या तशाच ठेवणारे त्याहून थोडे. इंग्लंडात अशी मंडळी आढळतात, कारण तिथे शववाहिका मागे उरते. महाराष्ट्रात तिरडी त्याच दिवशी बांबू आणि कामट्यांची बांधतात आणि स्मशानातच तिचे काम संपते. पुण्यातली पीएमपीची ‘पुष्पक’ किंवा गावोगावचा वैकुंठरथ ही सार्वजनिक वाहने. निवृत्तीनंतर त्यांतले एखादे कुणी हौसेने दारात आणून उभे करील, हे मनातही येत नाही. इंग्रजी शववाहिका मात्र मृताला पोचवून रिकामी परतते, धुतली-पुसली जाते आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा निघते. अशी बरीच वर्षे गेल्यावर तिचे करायचे काय, हा प्रश्न आधी तिच्या मालक पेढीपुढे येतो. कुणी ती हौसेने विकत घेतली असेल, तर तोच प्रश्न त्या हौशी माणसाच्या उतारवयात त्याच्या दारी येतो. एका गाडीची वाट कशीही लावता येते, आठ-दहांची लावायला विचार करावा लागतो.

दक्षिण लंडनमधल्या क्रॉयडनने या वाहनाच्या सगळ्या पिढ्या पाहिल्या आहेत. क्वीन्स रोडची दफनभूमी १८६१ ची, म्हणजे घोड्यांच्या काळातली. दोन्ही बाजूंना काचा असलेली काळी गाडी, तिला काळे घोडे, घोड्यांच्या डोक्यांवर शहामृगाची पिसे, आणि या सगळ्याच्या भाड्यापायी कर्ज काढणारी गरीब कुटुंबे, असा तो व्हिक्टोरियन थाट होता. १९१२ च्या सप्टेंबरात संगीतकार सॅम्युएल कोलरिज-टेलर वयाच्या ३७ व्या वर्षी क्रॉयडनमध्ये वारला. त्याची अंत्ययात्रा बॅन्डन हिलच्या दफनभूमीकडे गेली, तेव्हा रस्त्याच्या दुतर्फा गर्दी लोटली होती. मोटारीने त्याआधीच या कामात पाऊल टाकले होते. १९०१ मध्ये कॉव्हेंट्रीत डेमलर कारखान्यातल्या एका कामगाराची शवपेटी मोटारीवरून नेण्यात आली. पण घोडे खऱ्या अर्थाने हटले ते पहिल्या महायुद्धानंतर. मिचम रोडवर क्रॉयडनचे दहनगृह १९३७ मध्ये सुरू झाले, तोवर मोटार-शववाहिका नेहमीची झाली होती.

त्या काळातल्या पुष्कळ शववाहिका जन्माने शववाहिका नव्हत्या. रोल्स-रॉइस कंपनी तेव्हा फक्त चासी, इंजिन आणि बोनेट विकत असे. वरचा सांगाडा गिऱ्हाईक आपल्या पसंतीच्या कारागिराकडून बांधून घेई. १९२९ ते १९३६ या काळात निघालेल्या ‘ट्वेंटी-ट्वेंटीफाइव्ह’ मॉडेलच्या ३,८२७ चासींपैकी अनेकींवर आधी एखाद्या सुखवस्तू घराची बंद गाडी उभी राहिली. दहा-पंधरा वर्षांनी ती जुनाट दिसू लागली. यंत्र ठणठणीत, पण डौल गेलेला, म्हणून स्वस्तात मिळणारी. अंत्यविधीच्या पेढ्यांना नेमके हेच हवे होते. क्यू इथल्या आल्प अँड सॉन्डर्ससारखे कारागीर जुनी बॉडी उतरवून अ‍ॅश लाकडाच्या चौकटीवर पत्रा आणि मोठ्या काचा बसवत. आत शवपेटी सरकवण्यासाठी रूळ, ती हलू नये म्हणून अडण्या, टपावर फुलांसाठी कठडा. हॅलिफॅक्सच्या वुडॉल निकल्सनसारख्या नावाजलेल्या संस्थाही या धंद्यात होत्या. पुढे १९६८ ते १९९२ डेमलर ‘डीएस ४२०’ ही या कामाची ठरावीक गाडी झाली आणि जुन्या रोल्स-रॉइस मागे पडल्या.

न उजळवलेल्या शववाहिकेत वाचण्यासारखे बरेच असते. तिने अंतर कमी कापलेले असते, पण संथ गतीने. पेढीचा माणूस उंच हॅट घालून पुढे चालतो आणि गाडी त्याच्या पावलांनी येते. पहिल्या गिअरमध्ये रखडत इंजिन तापते, त्याच्या खुणा रेडिएटरवर आणि क्लचवर दिसतात. रोजच्या पुसण्याने काळा रंग कडांशी झिजून खालचा थर डोकावतो. रुळांची लाकडे मधोमध खोलगट झालेली असतात. काचेच्या बुडाशी पाणी मुरून अ‍ॅशची चौकट कुजते, आणि ही कूज बाहेरून दिसत नाही. नवा रंग दिला की हे सारे एका दिवसात नाहीसे होते. म्हणूनच काही संग्राहक गाडीला हात लावू देत नाहीत. त्यात आळसाचा आणि रिकाम्या खिशाचाही थोडा वाटा असतो, पण मुद्दा खरा आहे. ज्या कारागिराचे नाव कुठे लिहिलेले नाही, त्याच्या हाताचा तेवढाच पुरावा उरलेला असतो.

बाजाराला या पुराव्याशी कर्तव्य नसते. रोल्स-रॉइसची शववाहिका त्याच चासीवरच्या उघड्या टूरर गाडीपेक्षा स्वस्त जाते, कारण तिच्यातून सहलीला जायची कुणाची तयारी नसते. परिणामी विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अनेक शववाहिकांची बॉडी उतरवून टाकली गेली आणि चासीवर विसाच्या दशकातल्या धाटणीचा नवा उघडा सांगाडा चढवला गेला. आज मेळाव्यांत दिमाखाने फिरणाऱ्या कित्येक टूरर गाड्यांची मधली काही वर्षे स्मशानाच्या वाटेवर गेलेली आहेत. मालक ते सांगतोच असे नाही. ही गाडी शववाहिका म्हणून जितकी पुसली जाईल तितकी तिची किंमत चढते.

कायद्यातही असाच पेच आहे. प्रदूषण करणाऱ्या वाहनांवर दिवसाला १२ पौंड ५० पेन्सची आकारणी करणारे लंडनचे क्षेत्र २९ ऑगस्ट २०२३ पासून क्रॉयडनसह सगळ्या बरोंमध्ये लागू झाले. चाळीस वर्षांवरची गाडी ऐतिहासिक करवर्गात नोंदवली असेल तर तिला सूट मिळते. शेवटच्या १९९२ च्या डेमलरना त्यासाठी एप्रिल २०३३ पर्यंत थांबावे लागेल. मात्र भाड्याने किंवा धंद्यासाठी चालणाऱ्या गाडीला हा वर्गच मिळत नाही. थोडक्यात, १९७३ किंवा त्यानंतर बनलेल्या जुन्या शववाहिकेने मोबदला घेऊन आपले मूळ काम पुन्हा सुरू केले की तिची सवलत जाते.

संग्रह मोडण्याचे कारण बहुधा यापेक्षा साधे असते : जागा. ओलावा नसलेली, छप्पर असलेली, लांब गाडी मावेल अशी जागा क्रॉयडनमध्ये दुर्मीळ होत गेली. नगरपालिकेच्या मालकीच्या ‘ब्रिक बाय ब्रिक’ या कंपनीने घरबांधणीसाठी जे छोटे तुकडे निवडले, त्यांत गॅरेजच्या रांगाही होत्या. घरांची टंचाई पाहता त्याला नावे ठेवणे कठीण आहे. घरामागची साधी गॅरेजे बेताच्या कुटुंबगाडीच्या मापाची असतात, त्यांत शववाहिकेचे नाक तरी बाहेर राहते किंवा शेपूट तरी. ताडपत्रीखाली उभी केलेली लाकडी चौकटीची गाडी काही हिवाळ्यांतच खचते. म्हणजे काहीही न करणे हीसुद्धा विल्हेवाटच, फक्त सावकाश आणि सगळ्यात वाईट.

सोडायचे ठरल्यावर सगळ्या गाड्या एका घाऊक व्यापाऱ्याला देणे सोपे असते, पण त्यात भेद राहत नाही. समजूतदार संग्राहक आधी त्यांची प्रतवारी लावतो. जिची बॉडी मूळची, चौकट शाबूत आणि कारागीर माहीत, तिला संग्रहालय शोधावे. अशी संग्रहालये कमी आहेत. व्हिएन्ना, बार्सिलोना आणि ह्यूस्टन इथे अंत्ययात्रांच्या वाहनांना मान मिळतो, पण लंडनची अनोळखी गाडी त्यांना हवी असेलच असे नाही. दुसरा रस्ता अंत्यविधीच्या पेढ्यांचा. घोड्यांच्या गाड्यांप्रमाणे जुन्या मोटारींनाही आता हौशी मागणी असते, पण पेढीला ती चकचकीत हवी, म्हणजे न उजळवलेपण तिथे संपले. तिसरा चित्रपटांना भाड्याने देणाऱ्यांचा. चौथा टूरर बनवणाऱ्यांचा, जो सर्वाधिक पैसे देतो. ज्या गाडीची चौकट पार कुजली आहे ती त्याला द्यायला हरकत नसावी. चासी तरी रस्त्यावर राहते. उतरवलेल्या काचा, रूळ आणि कठडे मात्र मागून घ्यावेत, दुसऱ्या एखाद्या शववाहिकेला ते मोलाचे असतात. ज्यातले काहीच वापरता येत नाही ते वाहन परवानाधारक भंगार केंद्राकडे जाते आणि तिथून नष्ट केल्याचा दाखला मिळतो.

असे वाहन वाचते ते बहुधा त्यावर चढलेल्या एखाद्या मोठ्या नावामुळे. एडिथ कॅव्हेल या परिचारिकेचे शव १९१९ मध्ये आणि अनाम सैनिकाचे १९२० मध्ये ज्या रेल्वे डब्यातून गेले, तो नंतर पुन्हा साध्या सामानाच्या कामाला लागला होता. पुढे तो ओळखला गेला आणि आज केंट अँड ईस्ट ससेक्स रेल्वेत जपलेला आहे. चर्चिलची शवपेटी १९६५ मध्ये नेणारा डबा तर कॅलिफोर्नियाच्या एका गोल्फ मैदानावर पोचला आणि २००७ मध्ये मायदेशी परतला. क्रॉयडनच्या रस्त्यांवरून दुकानदार, शिक्षक आणि ट्रामचालक नेणाऱ्या गाडीला असे नाव नसते, म्हणून तिच्याबाबतीत कागद महत्त्वाचे.

गाडीसोबतच्या जुन्या नोंदपुस्तकात मालकांची नावे आणि परवान्याचे शिक्के क्रमाने असतात. रोल्स-रॉइस असेल तर चासीचा पहिला मालक आणि पहिला कारागीर नॉर्थम्प्टनशरमधल्या पॉलर्सपरी इथे, रोल्स-रॉइस एन्थुझिअ‍ॅस्ट्स क्लबच्या दप्तरात सापडू शकतो. गाडी हातची जाण्याआधी रुळांची, सांध्यांची आणि आतल्या अस्तराची छायाचित्रे व मापे घ्यावीत. पेढीच्या दिवसवह्या मिळाल्या असतील तर त्या लिलावात गाडीबरोबर देऊ नयेत. त्यांत मृतांची नावे, पत्ते आणि खर्च लिहिलेला असतो. कॅथरिन स्ट्रीटवरच्या क्लॉकटॉवरमधले म्युझियम ऑफ क्रॉयडन स्थानिक कागदपत्रे सांभाळते, त्यांच्याकडे आधी विचारणा करावी. नोंदी अलीकडच्या असतील, तर काही वर्षे त्या वाचकांसाठी बंद ठेवाव्यात, अशी विनंती देतानाच करता येते.