परसांतील गुलमोहर

आमच्या साताऱ्याच्या घरामागील परसांत गेल्या वर्षापर्यंत एक गुलमोहर होता. तो मींच लाविला आणि मींच तोडविला. म्हणून त्याविषयीं चार शब्द लिहीत आहें.

संस्कृत शिकविण्यांत ज्याचें आयुष्य गेलें, त्याला प्रत्येक वृक्ष काव्यांत शोधण्याची संवय असते. गुलमोहर मात्र तेथें सांपडावयाचा नाहीं. कालिदासानें पलाश पाहिला, कर्णिकार पाहिला. हा वृक्ष त्याच्या दृष्टीस पडलाच नाहीं, कारण हा मूळचा मादागास्कर बेटावरचा. बोयर नांवाच्या वनस्पतिशास्त्रज्ञानें केलेलें त्याचें वर्णन १८२९ सालीं प्रसिद्ध झालें. परका खरा, पण ऐन वैशाखांत तांबड्या फुलांनीं पेटून त्यानें आम्हांस असें आपलेंसें केलें कीं, १ मे हा दिवस आमच्या गांवांतील रसिक मंडळी ‘गुलमोहर दिन’ म्हणून साजरा करितात.

१९९१ सालच्या उन्हाळ्यांत शाळेच्या आवारांतून मीं एक शेंग घरीं आणिली. हातभर लांब, लांकडासारखी टणक. तिच्यांतील बीं इतकें कठीण कीं, तसेंच पेरलें तर लवकर उगवत नाहीं. मीं तें कानशीनें थोडें घांसून कढत पाण्यांत रात्रभर भिजविलें, तेव्हां कोंब आला. पुढील वर्षींच्या मृगांत रोप कुंडींतून जमिनींत लावावयाचें होतें. मीं स्वयंपाकघराच्या खिडकीसमोर, भिंतीपासून आठ फुटांवर खड्डा खणला.

दादा म्हणाले, “अरे, हें झाड आडवें वाढतें. तीस फूट तरी जागा सोड. कुंपणाकडे लाव.”

मीं म्हणालों, “दादा, कुंपणाशीं लावून तें पाहणार कोण? वहिनींना पोळ्या लाटतांना फुलें दिसूं देत.”

दादा पुढें बोलले नाहींत.

सातव्या वर्षीं बहर आला. घरांतील मुलें पांचवी, पांढरी ठिपकेदार पाकळी आंबट म्हणून खात आणि पुंकेसरांचीं टोंकें एकमेकांत अडकवून कोंबड्यांची झुंज लावीत. वहिनी खरोखरच लाटणें थांबवून खिडकींतून पाहत असत. मला विजय मिळाल्यासारखें वाटे.

निगा राखण्यांत मीं कसूर केली नाहीं. पहिले दोन उन्हाळे पाणी घातलें, बुडाशीं पाणी सांचूं दिलें नाहीं, कोवळेपणींच खालच्या फांद्या काढून एक सरळ बुंधा वाढविला, बहर ओसरल्यावर जड फांद्या हलक्या केल्या. पण या झाडाचीं मुळें खोल जाण्यापेक्षां वरच्यावर दूरवर पसरतात, माथा उंचीहून रुंद होतो आणि लांकूड ठिसूळ असतें. चुकलेलें अंतर निगेनें भरून येत नाहीं. पंधरा-सोळा वर्षांनीं मागील दारची फरशी उचलली गेली, भिंतीस तडा गेला. मीं तो लिंपीत राहिलों आणि जुन्या चुन्यास दोष देत राहिलों.

गेल्या वर्षीं वळवाच्या वादळांत एक मोठी फांदी तुटून कौलांवर पडली. खालच्या खोलींत माझा नातू निजला होता. कौलांचे तुकडे त्याच्या उशापासून हातभर अंतरावर पडले. त्या रात्रीं माझा डोळा लागला नाहीं. तडा मला दिसत होता. मीं तो पाहिला नव्हता, एवढेंच.

सकाळीं मीं दादांना म्हणालों, “झाड काढावें म्हणतों.”

तीस वर्षांत ‘मीं सांगितलें होतें’ हे शब्द त्यांनीं एकदांही उच्चारले नव्हते. त्या दिवशींही उच्चारले नाहींत. म्हणाले, “आधीं शेंगा उतरवून घे.”

रीतसर परवानगी काढून झाड तोडलें. त्याच शेंगांतील एक रोप यंदाच्या मृगांत लाविलें. जागा मोजतांना फितीचें एक टोंक दादांनीं धरलें होतें, दुसरें नातवानें. घरापासून पस्तीस फूट, विहिरीपासूनही तितकेंच. मीं केवळ खड्डा खणला.

“आतां खिडकींतून कांहीं दिसावयाचें नाहीं,” मीं वहिनींना म्हणालों.

“बहर आला कीं अंगणांत जाऊन पाहूं,” त्या म्हणाल्या. “पाय आहेत कीं.”