राजदंड आणि पालखीचा दांडा

शिमग्याला खेडला गेलो होतो. शुक्रवारी ऑफिसातून निघालो, मिळेल ती गाडी पकडली आणि पहाटे गावी. बघतो तर काय, पालखी निघणार की नाही हेच नक्की नाही! दोन वाड्यांत मानावरून भांडण. पहिला खांदा कुणाचा, बस्स एवढंच.

मी आपली शहाणपट्टी केली. "बाबा, लाकडाचा दांडा तो. कुणी का धरेना, काय बिघडतं?"

"मग विधानसभेत राजदंडाला कुणी हात लावला की तुम्ही टीव्हीला चिकटून का बसता रे?"

गप्प झालो. ५ जुलै २०२१ ला मी खरंच चिकटून बसलो होतो. तालिका अध्यक्ष भास्कर जाधव, म्हणजे आमच्याच बाजूचे. खेड तालुक्याचा एक भाग त्यांच्या गुहागर मतदारसंघात येतो. ओबीसी आरक्षणाच्या ठरावावरून गदारोळ झाला आणि भाजपचे १२ आमदार वर्षभरासाठी निलंबित झाले. पुढे २८ जानेवारी २०२२ ला सर्वोच्च न्यायालयाने ते निलंबन रद्द केलं. अधिवेशनापलीकडे निलंबन चालणार नाही, मतदारसंघाला इतके दिवस प्रतिनिधीविना ठेवता येत नाही, असा त्याचा अर्थ.

राजदंडाची पद्धत इंग्रजांची. तिकडे हाउस ऑफ कॉमन्समध्ये तो जागेवर नसेल तर सभागृहाला कामकाजच करता येत नाही. १९७६ मध्ये मायकेल हेसेल्टाइन यांनी भर सभागृहात तो उचलला होता. आपल्याकडे तर राजदंड पळवणं हीच एक प्रथा होऊन बसलीय. गंमत म्हणजे पळवणाऱ्याला तो घरी न्यायचा नसतो. समोरचे त्याला मानतात हे माहीत असतं, म्हणूनच त्याला हात घालायचा. (साधा पेपरवेट पळवला तर बातमी होईल का?) आणि आज पळवणारे उद्या सत्तेत आले की त्याच राजदंडाच्या मानमर्यादेवर भाषण देतात. असो.

संध्याकाळी सहाणेवर बैठक बसली. आवाज चढले, एकदोघं उठून चालते झाले, त्यांना परत आणलं. शेवटी ठरलं: पऱ्यापर्यंत आमचा खांदा, पुढे त्यांचा. बाबांचा गुडघा दुखत होता, म्हणून त्यांच्या जागी मी लागलो.

पऱ्यापाशी पलीकडच्या वाडीतला एकजण पुढे आला. याच्याशी आमचं वर्षभर बोलणं नव्हतं. "दे," एवढंच म्हणाला. मी दिला.

सोमवारी ऑफिसात खांदा दुखत होता.